खंडेनवमीला बिचवा, वाघनख, गुप्ती बाहेर काढताना

मागच्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी उदगीरजवळच्या एका गावातून फोन आला. “भाऊ, बिचव्यावर फूल उमटलंय. पुसलं तर निघंना झालंय.” काकू सत्तरीच्या, वाडा त्यांच्या आजेसासऱ्यांनी बांधलेला. दुपारच्या एसटीनं गेलो. देवघरात पाटावर बिचवा, म्हणजे वळलेल्या पात्याचा छोटा खंजीर, ठेवला होता आणि पात्याच्या मधोमध खरंच झेंडूचं फूल होतं, भगव्या गंजाचं, पाकळी न पाकळी मोजता यावी असं. खंडेनवमीला काकूंनी बिचवा चिंचेनं घासला, धुतला, पदरानं पुसला, ओलं कुंकू लावलं, वर फूल ठेवलं आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तसाच राहू दिला. सगळं मनापासून केलेलं. पण झेंडूच्या पाकळीत पाणी असतं, चिंचेचा आंबटपणा पात्याच्या बारीक चिरांत राहिलेला असतो, आणि लोखंडाला तेवढं पुरतं.

आम्ही शिकलगार, हत्यारांना धार आणि चकाकी देणारे. आजोबांनी तलवारींना शिकल केली, अब्बांनी कोयते, विळे, अडकित्ते आणि कात्र्यांना धार लावली. मी तीस वर्षं लोकांच्या घरातली जुनी शस्त्रं बघतोय, आणि चोरीपेक्षा आणि वाळवीपेक्षा जास्त नुकसान मी खंडेनवमीच्या या एका दिवशी होताना पाहिलंय. म्हणून हे लिहून ठेवतो. तलवारीबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी सांगतोय ते अंगावर लपवून बाळगायच्या लहान शस्त्रांबद्दल. ती घरात असूनही घरच्यांना कित्येकदा ओळखू येत नाहीत.

सापडतात कुठं

आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन हात जाड, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, भिंतीत बळद म्हणजे धान्य साठवायची पोकळी, अंगणात पेव म्हणजे धान्याचं तळघर. १९४८ च्या सप्टेंबरात, निजामाच्या राज्यात भारतीय सैन्य आलं त्या पोलीस ॲक्शनच्या आगंमागं, दोन्हीकडच्या लोकांनी घरातली हत्यारं बळदात टाकली, आडात सोडली, तुळईच्या वर सरकवून ठेवली. ठेवणारे गेले, सांगायचं राहून गेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-धाराशिवकडच्या लोकांनी भीतीनं माळवदं उतरवली, भिंती पाडल्या, तेव्हा त्यातलं बरंच उजेडात आलं. आता वाडे पाडून स्लॅब टाकायलेत, तर पुन्हा निघायलंय.

वस्तू दिसली की आधी हात आवरा. मातीत आहे तशी तिचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी पट्टी नाहीतर दहा रुपयांचं नाणं ठेवा. कोणती भिंत, कितवा खण (दोन तुळयांमधला गाळा), कशात गुंडाळलेलं होतं, हे त्याच दिवशी लिहा. गुंडाळलेलं फडकंसुद्धा टाकू नका. म्यानातून ओढू नका, बोटात घालू नका, पाण्यानं धुऊ नका.

कायद्याचंही याच वेळी बघायचं. गुप्तधनाबद्दलचा १८७८ चा कायदा फक्त जमिनीत पुरलेल्या वस्तूला लागू नाही, जमिनीला जोडलेल्या बांधकामात लपवलेल्या वस्तूलाही लागू आहे. म्हणजे बळदात सापडलेली वस्तू त्यात येते आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. ती परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं आहे, आणि काठीतली तलवार, म्हणजे आपली गुप्ती, त्यात वेगळं नाव घेऊन सांगितली आहे. तेव्हा फोटो आणि मोजमाप जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जाताना शस्त्र पिशवीत घालून नेऊ नका. मिरवणुकीत तर नाहीच नाही. सणासुदीला जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश बहुतेक लागूच असतात.

ओळखायचं कसं

वाघनख सगळ्यांना नावानं माहीत असतं, हातात आलं की मात्र कळत नाही. एक आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन अंगठ्या आणि पट्टीला खालून चार किंवा पाच वाकडी नखं. अंगठ्या तर्जनीत आणि करंगळीत जातात, नखं तळहाताकडं वळतात. मूठ झाकली की समोरच्याला बोटातल्या दोन अंगठ्याच दिसतात. एका घरात लोकांनी ते भिंतीला ठोकून त्यावर किल्ल्या अडकवल्या होत्या.

जत्रेत विकायला असतं ते नवं. ते ओळखायला भिंग घ्या. नवं असेल तर नखाच्या बुडाशी वेल्डिंगचा थेंब दिसतो, ग्राइंडरचे एकसारखे ओरखडे दिसतात, क्वचित खाचेचा स्क्रू असतो. जुनं घडवलेलं असतं. नखांची जाडी एकसारखी नसते, रिव्हेट ठोकून सपाट केलेला असतो आणि अंगठीची आतली कड वापरानं गुळगुळीत झालेली असते. नखाचं बूड नीट बघा. गंज तिथंच खोल जातो, आणि वरून धड दिसणारं नख नुसत्या बोटाच्या दाबानं तुटून येतं. म्हणून पाहुण्यांना दाखवताना बोटात घालायचं नाही. कापडावर ठेवून कापड फिरवायचं.

१० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडची भेट आपल्या प्रत्येकाच्या मनात आहे. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं वाघनख साताऱ्याच्या संग्रहालयात आलं, तेव्हा माझ्याकडं रोज दोन-तीन फोन यायला लागले. ते वाघनख महाराजांनी वापरलेलंच आहे असं सिद्ध करता येत नाही, हे त्या म्युझियमनंच सांगितलेलं आहे. एवढी मोठी संस्था इतकं जपून बोलते, तर आपणही आपल्या घरातल्या वस्तूबद्दल तितकंच जपून बोलावं असं मला वाटतं.

बिचव्याचं नाव विंचवावरून. पातं नांगीसारखं दोनदा वळलेलं, दोन्ही बाजूंनी धार, आणि मूठ म्हणजे बोटं आत जातील असं बंद कडं. कित्येक बिचव्यांत पातं आणि मूठ एकाच लोखंडाचं असतं. लांबी वीत-सव्वा वीत, बाहीत सहज राहील एवढी. लोक त्याला “मोडका खंजीर” म्हणून भंगारात देतात, कारण वळण बघून वाकलाय असं वाटतं. मी दोन बिचवे असे बघितलेत की घरच्यांनी हातोडीनं सरळ करायचा प्रयत्न केला होता. हे मुद्दाम सांगतो, पात्याचं वळण तसंच असतं, ते सरळ करायचं नसतं.

दख्खनमध्ये याच जातीचा चिलानमही सापडतो. त्याच्या मुठीचं वरचं टोक फाकलेलं असतं. पेशकब्जाची पाठ जाड, टोक सुईसारखं, चिलखताच्या कड्यांतून घुसण्यासाठी. कट्यार लपवायची नव्हे, कंबरेला मिरवायची, पण ती सगळ्यांत जास्त सापडते. मूठ आडवी, दोन्ही बाजूंना कांबी, आणि पात्याचं टोक बऱ्याचदा मुद्दाम जाड केलेलं. दाबल्यावर पातं कात्रीसारखं उघडणारी कट्यार हाती आली तर ती उघडून बघायचा मोह टाळा. जोडातली खीळ जुनी असते.

मडू म्हणजे काळविटाची दोन शिंगं उलट-सुलट जोडून मध्ये छोटी ढाल. फकीर-बैराग्यांजवळ असायचा. काळवीट वन्यजीव कायद्यात आहे, त्यामुळं असली वस्तू निघाली तर वन खात्याला लेखी कळवा आणि विकायचा विचारही करू नका. मुठीला हस्तिदंत असेल तरी तेच.

गुप्तीबद्दल सविस्तर

गुप्ती सगळ्यांत फसवी. आजोबांची काठी म्हणून कोपऱ्यात उभी असते, पोरं तिनं चिंचा पाडतात, आणि एक दिवस मूठ हातात येते. बैराग्यांची कुबडी, जपाला बसताना काखेखाली घ्यायची, तिच्यातही पातं असायचं. आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थांची कुबडी सज्जनगडावर आहे, तिच्यात गुप्ती आहे. साधूच्या हातातली वस्तू म्हणून कुणी तपासत नसे.

घरातल्या काठीत गुप्ती आहे का हे बघायला ती तळहातावर आडवी तोला. साध्या काठीपेक्षा मुठीकडची बाजू जड लागते. मग मुठीपासून खाली वीतभर अंतरात भिंगानं बघा. काठीभोवती केसाएवढी गोल रेघ असते, कधी चांदीच्या किंवा पितळेच्या कड्याखाली झाकलेली. लोहचुंबक काठीवरून सावकाश फिरवलं की पातं कुठवर आहे तेही समजतं.

आता ती उघडत नसेल तर ओढाओढी करायची नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, वेत फुगतो, आत गंज फुगतो, तिन्ही मिळून पातं आवळून धरतात. काठी आडवी करून, पंख्याच्या वाऱ्याखाली नाही आणि उन्हात तर अजिबात नाही, कोरड्या खोलीत ठेवा. मी दिवाळी झाल्यावर मार्चपर्यंत वाट बघायला सांगतो. आपल्याकडचा फाल्गुन-चैत्र इतका कोरडा असतो की निम्म्या गुप्त्या आपोआप सैल होतात. मधल्या काळात मुठीवर खटका आहे का, पाव फेरा फिरतेय का, ते बोटांनी चाचपा. सैल झाल्यावर जवळ दुसरा माणूस उभा न ठेवता, दोन्ही हात एकाच रेषेत धरून, सरळ, एकेक बोट बाहेर काढायची. झटका दिला तर काठी फाटते नाहीतर हात. गंजलेल्या पात्यानं कापलं तर जखम साबणानं धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

तरीही निघाली नाही तर बंदच राहू द्या. बंद गुप्ती ही मोडलेल्या गुप्तीपेक्षा शंभर पटीनं बरी.

माझ्या हातून झालेली चूक

१९९४ साल. मी एकोणीस वर्षांचा. औशाकडचा एक शेतकरी पाडलेल्या घरातून निघालेला बिचवा घेऊन आला. अब्बा आठवडी बाजाराला गेले होते. मी बिचवा एमरीच्या चाकावर धरला. दहा मिनिटांत आरशासारखा. शेतकरी खूश, वीस रुपये द्यायला लागला.

तेवढ्यात अब्बा आले. त्यांनी बिचवा उजेडाकडं तिरका धरला. मागच्या बाजूला, जिथं माझं चाक पोचलं नव्हतं, तिथं करड्या पोलादात पाण्याच्या लाटा दिसत होत्या. त्याला जौहर म्हणतात. नांदेडच्या सीमेपलीकडं, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला मुशीत पोलाद वितळवून असलं लोखंड करायचे, आणि ते न्यायला इराणचे व्यापारी तिथं येऊन राहायचे. मी घासलेल्या बाजूला लाटा नव्हत्या. जौहर पोलादात खोलवर असतो, जाणता माणूस तो पुन्हा उठवू शकतो. पण पात्याच्या मधली उभी शीर मी गोल करून टाकली होती, आणि मुठीच्या बुडाशी चांदीचा तांदळाएवढा शिक्का होता, तो उडाला होता. तो कुणाचा होता हे आता कुणालाच कळणार नाही. अब्बा ओरडले नाहीत. “लोहा चमक्या बेटा, चेहरा गया उसका,” एवढंच म्हणाले, आणि वीस रुपये परत दिले.

त्यामुळं ग्राइंडर, पॉलिश पेपर, विटेची भुकटी, राख, लिंबू, चिंच, भांडी घासायची पावडर, गंज खाणारं तेजाब, यातलं काहीही जुन्या शस्त्राला लावायचं नाही.

मग साफ कशानं करायचं

आधी हातमोजे, औषधाच्या दुकानात मिळतात ते रबरी चालतील. घामातलं मीठ लोखंडाला चिंचेइतकंच वाईट. बोटाच्या ठशाचा गंज मी कित्येक पात्यांवर बघितलाय, त्यावरून रेघा वाचता येतात.

दाढीच्या मऊ ब्रशनं कोरडी माती झटका. मग कापसाचा बोळा पात्यावर हळू फिरवा. बोळा भगवा झाला तर गंज जिवंत आहे, तो थांबवायचाय. बोळा पांढराच राहिला आणि पातं काळपट-तपकिरी, घट्ट दिसत असेल तर ते त्याचं वय आहे. तिथं काहीही करायचं नाही.

जिवंत गंजावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बांबूच्या काडीनं किंवा बाभळीच्या वाळक्या काट्यानं गंजाचं पापुद्रं हळू उचला. बाभळीचा काटा ही अब्बांची युक्ती. पोलादापेक्षा मऊ असतो, ओरखडा पडत नाही, आणि खाचेत सुईसारखा जातो. मऊ मलमलनं पुसा, पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. काकूंच्या बिचव्याला असे अकरा दिवस लागले. तरीही राहिलं तर चार शून्यांची (०००० नंबरची, अगदी बारीक तारेची) स्टील वूल तेलात बुडवून, एका बोटाच्या दाबानं, पात्याच्या लांबीच्या दिशेनं फिरवा. गोल फिरवू नका. कापडाला लाल रंग यायचा थांबला की तिथंच थांबा, चमक येण्याची वाट बघू नका.

सोन्या-चांदीचं काम असेल तर स्टील वूल लांब ठेवा. कोफ्तगिरीत लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा खरवडून त्यावर पातळ तार ठोकलेली असते, आत रुतवलेली नसते. जरा जोर लागला की सोनं कापडावर येतं. अशी वस्तू मऊ ब्रशनं झटकून जाणकाराकडं न्या.

मुठीची वेगळी काळजी. कट्यार, बिचवा बऱ्याचदा सगळाच लोखंडी असतो, पण लाकडाची, शिंगाची किंवा पोकळ धातूची मूठ असली की पात्याचं शेपूट आत लाखेत बसवलेलं असतं. लाख उष्णतेनं, गरम पाण्यानं मऊ पडते, स्पिरिटमध्ये विरघळते. मूठ हलत असेल तर हलू द्या, झटपट चिकटणारा गोंद ओतू नका. नंतर कुणी दुरुस्त करायचं म्हटलं तर त्याचे हात बांधले जातात.

शेवटी सगळं तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा, म्हणजे जुन्या वस्तू जपायला वापरतात त्या मेणाचा, पातळ हात. ते नाही मिळालं तर मशीनच्या तेलाची बोटाला लागेल न लागेल अशी पातळ पुटी पुरते. खोबरेल, तीळ, करडई यातलं काही नको. करडईचं तेल तर हवेनं सुकून डिंकासारखं होतं, पूर्वी ते उकळून रोगण करायचे. पात्यावर त्याची पिवळी साय बसली की तिच्याखाली गंज आरामात वाढतो, वरून दिसतही नाही.

पूजा अशी करा

पूजा बंद करा असं मी कुणाला म्हणत नाही, आमच्या घरीही खंडेनवमीला साण, म्हणजे धार लावायचा दगड, धुऊन पुसून ठेवतो. पाणी लावल्यानं बिघडत नाही, ठेवल्यानं बिघडतं. नांदेडला शिखांच्या हुजूर साहिब गुरुद्वारात तख्त स्नानाला शस्त्रं गोदावरीच्या पाण्यानं धुतात. आपल्या घरी हात आणि वेळ कमी असतो, म्हणून पाणी पात्याला न लावता वस्तूभोवती फिरवा. पाटावर धुतलेलं पांढरं सुती कापड, त्यावर शस्त्र. हळद-कुंकू कोरडं, तेही पात्यावर नाही, शेजारी विड्याच्या पानावर. फुलं कापडाच्या कडेला, शस्त्रापासून चार बोटं लांब. पात्यावर गंध लावायचंच असेल तर वॅक्सचा हात आधी दिलेला असू द्या आणि आरती झाली की लगेच पुसा. निरांजनाचं तूप उडणार नाही एवढं अंतर ठेवा. आपट्याची पानं वाहिली तर त्याच रात्री उचला. काकूंनी विचारलं, “भाऊ, देवाला राग नाय ना यायचा?” मी म्हणालो, “काकू, तुम्ही जपायलाव, राग कशाला येईल.”

ठेवणूक

म्यानात घालून ठेवू नका. म्यानातलं लाकूड आणि चामडं ओल धरतं. म्यान वेगळं, पातं वेगळं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागदाचं आम्ल पात्याला लागतं. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवलं तर आत घाम धरतो. खळ नसलेल्या, दोनदा धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळा, सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, आणि लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, कुलूप लावून. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकलेलं नको. वाघनखाची नखं कापडात अडकतात, म्हणून त्याला डब्यात आडवं, खाली जाड घडी घालून ठेवा. मृगात एकदा, श्रावणात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा उघडून बघा.

प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवा. पेन्सिलनं लिहा, शाई ओलीनं पसरते. पात्याला चिकटवू नका, सुती दोऱ्यानं कापडाला बांधा. चिठ्ठीत तुम्हाला माहीत आहे तेवढंच लिहा. “अमक्या लढाईतला”, “तमक्या सरदाराचा” असं ऐकीव असेल तर पुढं “सासरे सांगायचे” एवढं जोडा. काकूंनी त्यांची चिठ्ठी माझ्यासमोर लिहिली, नातीच्या शाळेच्या वहीतल्या कागदावर: “बिचवा. लांबी सव्वानऊ इंच. उत्तरेच्या बळदात, दुसऱ्या खणात, सरकीच्या पोत्याखाली सापडला. चोळीच्या लाल खणात बांधलेला होता, तो कापडाचा खण जपून ठेवला आहे. कुणाचा ते माहीत नाही. पात्यावर झेंडूच्या फुलाचा डाग आहे तो माझ्या हातचा.”